बुरुजावरचा पहारा, घरातली झोप

दिवस मावळला की पोराबाळांना घेऊन गडाचा दरवाजा गाठायचा आणि रात्र तटाच्या आत काढायची, असा एका बेटावर कायदा होता. एखाद्या लढाईपुरता नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या. शेत खाली, विहीर खाली, घरही खाली. झोपायला मात्र गडावर. या बेटाचं नाव गोझो. भूमध्य समुद्रात माल्टाच्या शेजारी ते आहे. तो कायदा उठायला १६३७ साल उजाडावं लागलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राजे, सेनापती कोणी आठवले नाहीत. आठवला तो रोजचा संसार. अंगात ताप असलेलं मूल, पाय धरलेली सासू, दिवस भरत आलेली सून, या सगळ्यांना घेऊन रोज संध्याकाळी चढण चढणारं घर. सकाळी उतरून पहिल्यांदा काय पाहत असतील? कोठीचं दार शाबूत आहे का, हेच ना?

मी अलिबागकडचा. आमच्या लहानपणी समुद्र म्हणजे खेळायची जागा. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जायचं आणि भरती यायच्या आत परतायचं, एवढीच काय ती समुद्राची भीती. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसांना समुद्राकडून येणाऱ्या माणसांची भीती वाटत असे, हे किल्ल्याच्या तटावर उभं राहूनही कधी मनात आलं नव्हतं. गोझोचा तो कायदा वाचल्यावर मात्र हे बेट एकदा डोळ्यांनी पाहायचं, असं ठरवून टाकलं. काही वर्षांपूर्वी तो योग आला. माल्टाच्या टोकावरून बोटीत बसलं की अर्ध्या तासाच्या आत माणूस गोझोला उतरतो. तिथे जे पाहिलं, त्यात मनात घर करून राहिला तो एक साधा, चौकोनी, दगडी टेहळणीचा बुरूज. त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडा भूगोल. सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर माल्टा, गोझो आणि दोहोंच्या मधलं चिमुकलं कोमिनो अशी तीन बेटं आहेत. गोझोचं क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर. आपलं कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं मुंबई शहरही साधारण तेवढंच. लांबी १४ किलोमीटर, रुंदी ७. इथे ८७० पासून सुमारे दोन शतकं अरबांची सत्ता होती. धर्म आज कॅथलिक आहे, पण माल्टीज भाषा ही अरबीचीच लेक. दुनियेला तिथे ‘दिन्या’ म्हणतात आणि किताबाला ‘क्तीब’. दुकानावरच्या पाट्या वाचताना मराठी माणसालाही अधूनमधून ओळखीचा शब्द भेटतो.

१५३० साली पाचव्या चार्ल्स बादशहाने ही बेटं सेंट जॉनच्या नाइट्सना दिली. नाइट्स म्हणजे अर्धे संन्यासी आणि अर्धे शिपाई. आपल्याकडच्या शस्त्रधारी गोसाव्यांच्या आखाड्यांची आठवण व्हावी असा हा पंथ. खंड काय, तर वर्षाला एक बहिरी ससाणा! पण बेटांबरोबर वैरही पदरात आलं. तुर्की आरमार आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे चाचे यांच्याशी नाइट्सचं हाडवैर होतं. त्या चाच्यांचा मेरुमणी तुर्गुत रईस. १५४० नंतरच्या दहा-बारा वर्षांत त्याने गोझोवर अनेकदा हात मारला. चाच्यांना इथलं सोनंनाणं नको होतं, ते फारसं नव्हतंही. त्यांना हवी होती माणसं. गलबतं वल्हवायला, बाजारात विकायला, खंडणी घेऊन सोडायला. माणूस हाच माल होता.

१५५१ चा जुलै

त्या महिन्यात सिनान पाशाच्या हुकमतीखालचं तुर्की आरमार तुर्गुतला बरोबर घेऊन माल्टावर आलं. तिथल्या तटबंदीपुढे फारसं काही साधेना, तेव्हा त्यांनी मोहरा गोझोकडे वळवला. बेटाच्या मधोमध टेकडीवर गड आहे. त्याला सितादेल म्हणतात. तट जुने, तोफा थोड्या आणि आत सगळं बेट कोंडलेलं. काही दिवसांच्या माऱ्यात गड पडला. सुमारे पाच हजार माणसं गुलाम झाली, म्हणजे जवळजवळ सगळी वस्ती. थोडे म्हातारे-कोतारे तेवढे मागे ठेवले, काही जण दोरांनी तटावरून उतरून निसटले. बाकी सारे त्रिपोलीच्या वाटेला लागले. बर्नार्दो दुपुओ नावाच्या शिपायाने शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून बायको आणि दोन मुलींना स्वतःच्या हाताने मारलं आणि मग लढत मेला, अशी कथा तिथे सांगतात. गडातल्या एका गल्लीला त्याचं नाव आहे. आपल्याला जोहार शब्द माहीत आहे, त्यामुळे ती कथा कुणी उलगडून सांगावी लागत नाही.

नेलेल्यांपैकी काही जण पुढे खंडणी भरून सुटले. बहुतेक परत आले नाहीत. शेतं कोण कसणार म्हणून माल्टाहून माणसं आणून बेट पुन्हा वसवावं लागलं. रात्री गडावर झोपायच्या कायद्यामागे ही धास्ती होती. विचार केला की वाटतं, १५५१ मध्ये गडानेही वाचवलं नव्हतं. तरी लोक गडावरच जात होते. कारण दुसरं होतं काय?

दुसरं जे हळूहळू उभं राहिलं, ते म्हणजे टेहळणीचे बुरूज.

एका तासाचा हिशेब

बुरूज काय करतो? चाच्यांचं आरमार अडवणं त्याच्या आवाक्यातलं काम नाही. चार माणसं आणि एक-दोन लहान तोफा, एवढी त्याची ताकद. बुरूज देतो तो वेळ. आपण साधा हिशेब मांडू. पृथ्वी गोल असल्यामुळे किनाऱ्याच्या वाळूत उभ्या राहिलेल्या माणसाला समुद्र साडेचार-पाच किलोमीटरपर्यंतच दिसतो. तोच माणूस समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवर गेला, तर त्याचं क्षितिज २५ किलोमीटरवर जातं. वल्ह्यांवर चालणारी गॅली लांब पल्ल्याला तासाला सहा-सात किलोमीटर कापते असं धरू. म्हणजे वाळूतल्या माणसाला संकटाची चाहूल पाऊण तास आधी लागेल, तर उंचावरच्या माणसाला साडेतीन-चार तास आधी. आणि गोझोच्या कुठल्याही टोकावरून मुलं घेऊन चालत गडावर पोचायला लागतात फार तर दोन तास.

पाऊण तास आणि चार तास. या दोन आकड्यांच्या मधे पाच हजार माणसांचं आयुष्य होतं. हा हिशेब मी तिथल्या खानावळीत बसून बिलाच्या मागच्या बाजूला मांडला आणि मग हे बुरूज इतके साधे, इतके बिनदिमाखाचे का, ते कळलं. त्यांना सुंदर असायचं नव्हतं, उंचावर असायचं होतं. आणि एकमेकांना दिसायचं होतं.

आलोफ द विन्याकूर हा नाइट्सचा ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख. त्याच्या कारकिर्दीत १६१० पासून दहा वर्षांत सहा मोठे बुरूज उठले. पैकी १६१६ चा मार्सालफोर्नचा गोझोवर, आणि १६१८ चा कोमिनोवर, गोझो आणि माल्टा यांना जोडणारा. त्यांची परीक्षाही लवकरच झाली. १६१४ च्या जुलैत सुमारे ६० तुर्की जहाजं माल्टाच्या दक्षिणेला आली. सेंट लुशियनच्या बुरुजावरच्या तोफांनी त्यांना मोठ्या बंदरात शिरू दिलं नाही. शेजारच्या उपसागरात उतरून त्यांनी जाळपोळ केली, शेतं उद्‌ध्वस्त केली. पण १५५१ परत घडलं नाही. ज्या उपसागरात ते उतरले, तिथे लगेच नवा बुरूज उभा राहिला. यालाच शहाणपण म्हणायचं.

आता क्रम नीट पाहावा. गोझोवर आणि कोमिनोवर बुरूज उभे राहिले, मग १६३७ मध्ये तो कायदा उठला. लोक खाली शेतात, घरात रात्री राहू लागले. वस्ती पसरली तसा राखायचा किनाराही वाढला. १६५० मध्ये श्लेन्दीला, १६५२ मध्ये द्वेय्राला बुरूज झाला. द्वेय्राच्या बुरुजासमोर खडकात कोरलेली मिठागरं आहेत. बुरुजाच्या खर्चाला त्या मिठाचा हातभार लागत असे. पुढे मार्तिन दे रेदिन या ग्रँड मास्टरने १६५८-५९ या दीड-दोन वर्षांत माल्टाच्या किनाऱ्यावर तेरा बुरूज बांधून साखळी पुरी केली. प्रत्येक बुरूज शेजारच्याला दिसायचा. दिवसा धूर, रात्री जाळ, गरजेला तोफेचा आवाज. गोझोवर पेटलेला जाळ कोमिनोला दिसे, कोमिनोचा माल्टाला, आणि निरोप राजधानी व्हॅलेटापर्यंत जाई.

गलबतांचं बंदर

गोझोवरच्या बुरुजांत मला भेटलेला तो १६६१ चा. जागेचं नाव इम्जार इश-शिनी. ‘शिनी’ म्हणजे गॅली. गलबतांचं बंदर असा त्याचा अर्थ. दोन उंच कड्यांमधे समुद्र चिंचोळा होऊन आत शिरतो. बाहेरून जाणाऱ्या जहाजाला आत काय आहे ते दिसतही नाही. लपायला याहून चांगली जागा नाही. १५५१ मध्ये तुर्गुतच्या गॅली इथेच उभ्या होत्या आणि गोझोची माणसं इथूनच चढवली, असं तिथले लोक सांगतात. त्या खाडीच्या तोंडावर, कड्याच्या टोकाला हा बुरूज आहे.

सान्नात गावातून मी चालत निघालो. दोन्ही बाजूंना बिनचुन्याच्या दगडी कुंपणांची छोटी छोटी शेतं. तिथला दगड मधाच्या रंगाचा असतो. संध्याकाळी पिकल्या पपईसारखा दिसतो. बुरूज जवळ आल्यावर पहिल्यांदा वाटलं, एवढाच? आपल्या डोळ्यांना रायगड-जंजिऱ्याची सवय. हा तर आमच्याकडच्या दुमजली घराएवढा. माणसांची खोली वरच्या मजल्यावर, दारही वरच; खालून कुणी सहजासहजी शिरू नये म्हणून. आत एकच कमानदार खोली, आणि गच्चीवर जायला अरुंद गोल जिना. खांदे तिरके करूनच चढावं लागलं.

गच्चीवर आलो आणि ‘एवढाच’ हा शब्द गिळला. समोर सगळा समुद्र उघडा. पूर्वेला कोमिनो, त्यामागे माल्टा. कोमिनोवरचा तो जुना बुरूज ठळक दिसत होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे उभ्या असलेल्या माणसाला त्याच बुरुजाकडे नजर ठेवावी लागे, कारण त्याची खूण यायची ती तिथूनच.

त्या दिवशी बुरूज उघडून बसलेल्या बाई स्वयंसेवक होत्या, पेशाने शिक्षिका. मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांना कौतुक वाटलं. बोलता बोलता म्हणाल्या, “लोक विचारतात, या बुरुजावरून किती चाचे मारले? मी सांगते, ते विचारू नका. या बुरुजांमुळे किती जण बेटावर उरले, ते विचारा.” आज गोझोची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास आहे.

मला त्यांच्या बोलण्यानंतर आठवत राहिला तो पहारेकरी. दे रेदिनच्या बुरुजांवर एक गोलंदाज आणि त्याचे तीन साथीदार असत. त्याआधी किनाऱ्यावरचा रात्रीचा पहारा हे शेतकऱ्यांवर पाळीपाळीने लादलेलं काम होतं. दिवसभर नांगर धरलेला माणूस रात्री किती जागणार? बुरुजांबरोबर पगारी माणसं आली, हा बदल दगडमातीइतकाच महत्त्वाचा. कारण बुरूज स्वतः काहीच पाहत नाही. पाहतो तो माणूस. ऐन थंडीत, वाऱ्यात, शंभरातल्या नव्व्याण्णव रात्री काहीही न घडणाऱ्या समुद्राकडे डोळे लावून बसणं, याला काय लागतं ते ज्यांनी राखण केली आहे त्यांनाच ठाऊक. आमच्याकडे भातशेताच्या माळ्यावर डुकरं हाकायला बसणारे लोक पाहिले आहेत. त्यांच्या कामाची फुशारकी कुणी मारत नाही. पीक घरी आलं की राखणदाराला लोक विसरतात. काही घडलं नाही, हीच त्याची कामगिरी. आणि न घडलेल्या गोष्टीचा पोवाडा कोण रचणार?

पलीकडचा किनारा

इथवर गोष्ट सरळ आहे. एक गरीब बेट, वाईट चाचे, शहाणा बुरूज. पण इतिहास तेवढ्यावर सोडत नाही. ज्या विन्याकूरने बुरुजांची सुरुवात केली, त्याच विन्याकूरने १६०५ साली व्हॅलेटात एक न्यायासन स्थापन केलं होतं. कशासाठी? माल्टाहून लुटीला निघणाऱ्या खासगी जहाजांना परवाने देण्यासाठी आणि लुटीच्या वाटणीचे तंटे सोडवण्यासाठी. लुटीचा दहावा हिस्सा ग्रँड मास्टरचा. म्हणजे ज्या बेटाने चाच्यांविरुद्ध बुरूज बांधले, ते बेट स्वतःही चाचेगिरीवर पोसलं जात होतं. नाइट्सच्या गॅली वल्हवत होते ते बेड्या घातलेले मुसलमान गुलाम. व्हॅलेटात गुलामांसाठी मोठा तुरुंग होता, त्यांचा बाजार भरत होता. माणसांचा हा व्यापार दोन्ही किनाऱ्यांवर चालू होता.

मग त्रिपोली आणि ट्युनिसकडच्या एखाद्या कोळणीचं काय? तिनेही संध्याकाळी क्षितिजाकडे पाहिलं असेल. क्रूस रंगवलेलं शीड दिसलं की तिचंही काळीज हललं असेल. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर मोनास्तीरला ७९६ मध्ये आणि सूसला ८२१ मध्ये बांधलेले ‘रिबात’ नावाचे किल्लेवजा मठ आजही आहेत. त्यांनाही उंच मनोरे आहेत, समुद्राकडे पाहणारे. ते बांधले तेव्हा शत्रू निराळा होता, पण समोरच्या किनाऱ्यावरून भीती येते हा अनुभव तोच. एकमेकांच्या भीतीने दोन्ही किनारे रात्र रात्र जागे होते. माल्टातल्या गुलामांच्या बेड्या कायद्याने तुटल्या त्या १७९८ मध्ये, नेपोलियनने बेटं घेतल्यावर.

यात मला आमच्या घरासमोरचा किल्ला आठवणं साहजिक होतं. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी आयुष्यभर चाचा म्हटलं. आपण त्यांना सरखेल म्हणतो. त्यांचं दस्तक न घेता त्यांच्या समुद्रातून जाणारं जहाज ते पकडत. पोर्तुगीज हेच आपल्या परवान्याच्या जोरावर आधीपासून करत होते. त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. १७२९ मध्ये कान्होजी गेले. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आय.एन.एस. आंग्रे आहे. चाचा कोण आणि सरखेल कोण, हे पुष्कळदा बखर कुणी लिहिली त्यावर ठरतं. पण गलबताच्या तळाशी साखळीने बांधलेल्या माणसाला या शब्दांच्या फरकाने काही फरक पडत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मग तो गोझोचा असो की त्रिपोलीचा.

विर्त म्हणजे वारसा

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स घेतलं आणि भूमध्य समुद्रातल्या चाचेगिरीचं ते युग संपलं. भीती गेली, तशी बुरुजांची गरजही गेली. विन्याकूरच्या सहांपैकी काही तर आज राहिलेलेही नाहीत. इम्जार इश-शिनीचा बुरूजही बेवारशी होऊन झिजत राहिला. अलीकडे ‘विर्त आऊदेश’ या स्थानिक संस्थेने पुढाकार घेतला आणि गावाच्या व सरकारच्या मदतीने तो दुरुस्त करून लोकांसाठी खुला केला. आऊदेश हे गोझोचं माल्टीज नाव. आणि विर्त? विर्त म्हणजे वारसा. आपला वारस आणि त्यांचा विर्त, दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून फुटलेले. बेवारशी बुरुजाला वारस मिळाले, हे वाक्य मराठीत जितकं सहज आहे, तितकंच तिकडेही असावं.

त्याच खाडीत आज उन्हाळ्यात पोरं पोहतात. ‘बाय द सी’ नावाच्या हॉलिवुडच्या चित्रपटाचं चित्रीकरण २०१४ मध्ये इथे झालं, म्हणून काही पर्यटक तेवढ्यासाठीही येतात. येऊ देत. पाच हजार माणसांच्या आक्रोशाच्या जागी उन्हाची छत्री आणि लिंबाचं सरबत यावं, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट, बुरूज बांधणाऱ्यांना हेच हवं होतं.

गोझोच्या खेड्यांत फिरताना आणखी एक गोष्ट दिसते. दुपारच्या वेळी गल्लीतून चालावं. घरांची दारं रंगीत, लाकडी, बंद. आणि कितीतरी दारांना बाहेरच्या बाजूने किल्ली तशीच लावलेली असते. शेजारणीला काही हवं असेल तर तिने किल्ली फिरवून आत यावं म्हणून. ही तिथली जुनी रीत आहे. ज्या बेटावर दिवेलागणीला घर सोडून तटाच्या आत झोपायचा कायदा होता, त्याच बेटावर आज घराची किल्ली बाहेरून लटकते.